वाटेवरचं पाणी : पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर



दिंडीची रांग लागली की पुढे पताका, त्यामागे टाळकरी, मृदंग, वीणा आणि मागे आयाबायांचा मेळा. त्या मेळ्यात एकीच्या डोक्यावर तुळशीवृंदावन असतं अन् एकीच्या डोक्यावर पाण्याची घागर. लहानपणी मला वाटायचं, तुळस तर समजली, देवाची आहे. पण ही घागर कशाला? एका वर्षी ज्येष्ठाच्या उन्हात, वर्धा सोडून दोन मुक्काम झाले असतील, चालता चालता एक म्हातारेबुवा मटकन खाली बसले. घागरवाल्या माउलीने घागर उतरवली, फुलपात्र भरलं अन् त्यांच्या ओठाला लावलं. तेव्हा समजलं. तुळस देवाची अन् घागर वाटसराची. दोन्ही सारख्याच मानाने डोक्यावर घ्यायच्या.

आज दिंडीच्या मागे टँकर असतो. गावोगावी मंडळी पाण्याच्या टाक्या अन् थंड पाण्याचे जार मांडून ठेवतात. सिंदी मेघेहून पंढरपूर ही काही दोन दिवसांची वाट नव्हे. वऱ्हाड, मग मराठवाडा, मग सोलापूरकडचा माळ. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो अन् वारी निघते तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात. टँकर नव्हते तेव्हा आपले आजे-पणजे काय पीत असतील? नदीत झिरा उकरून प्यायचे, गावच्या विहिरीवर पोहऱ्याने शेंदून प्यायचे, अन् कुठं कुठं दगडी पायऱ्या उतरून बारवेत जायचे.

त्या दगडी पायऱ्यांचा विचार करताना एक नाव हमखास पुढे येतं. ज्यांनी राज्य केलं पण सिंहासनापेक्षा पाणवठ्यावर ज्यांचं नाव जास्त राहिलं, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर. दिंडीच्या शताब्दीच्या या अंकात संतांची चरित्रं तर आहेतच. त्यांच्या शेजारी या माउलीचीही आठवण असावी, म्हणून हा लेख.

चौंडीची लेक

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे झाला. हे गाव जामखेड तालुक्यात, सीना नदीच्या काठी. ज्या जिल्ह्यात ते आहे, त्याला आता त्यांचेच नाव दिले आहे, अहिल्यानगर. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. घर धनगराचे. मेंढरामागे हिंडणाऱ्या माणसाला दोनच गोष्टींचा घोर असतो, चारा आणि पाणी. कुठल्या ओढ्याला कधीपर्यंत पाणी राहते, कुठल्या माळावर डबके सापडते, हे त्या घरात लेकराला बोलता येण्याआधी कळू लागते. शिवाय तो मुलूख कमी पावसाचा. अहिल्यादेवींना पाण्याची किंमत कुणी शिकवावी लागली नसणार.

मल्हारराव होळकर हे त्या काळी पेशव्यांचे मोठे सरदार. मूळ घराणे नीरेकाठच्या होळ गावचे, म्हणून होळकर. कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. मल्हाररावांनी या मुलीला पाहिले आणि आपल्या खंडेरावासाठी सून करून घेतली. १७३३ साली लग्न झाले तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. सासरी आल्यावर सासूबाई गौतमाबाई आणि मामंजी मल्हारराव, दोघांनी तिला घडवले. लिहिणे-वाचणे, हिशेब, घोड्यावर बसणे, पत्रे हाताळणे. पुरुषमंडळी वर्षातले आठ-दहा महिने मोहिमेवर. मागे वसूल किती आला, फौजेला दाणागोटा किती गेला, हे पाहायला घरात भरवशाचे माणूस लागे. ते माणूस हळूहळू ही सूनच झाली. तोफा-दारूगोळ्याची तजवीज करायला मल्हाररावांनी सुनेला पत्रे पाठवली आहेत. त्या काळच्या सासऱ्याने सुनेवर टाकलेला हा विश्वास लहान नव्हे.

१७४५ साली मुलगा मालेराव झाला, १७४८ साली मुलगी मुक्ता. आणि मग १७५४ उजाडले.

कुंभेरचा वेढा

जाटांच्या कुंभेर किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला होता. त्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्यादेवी तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या सती जायला निघाल्या. म्हातारे मल्हारराव आडवे आले. पोरगा तर गेला, आता तूही गेलीस तर आम्ही कोणाकडे पाहायचे, असा त्यांचा आकांत होता. अहिल्यादेवी चितेपासून माघारी फिरल्या.

माउली, या एका माघारी फिरण्यावर थोडं थांबून विचार करा. त्या दिवशी त्या चितेवर चढल्या असत्या तर कुंभेरजवळ एक सतीची शिळा उभी राहिली असती, अन् दोन-चार पिढ्यांनी तिच्यावरचा शेंदूरही वाळून गेला असता. त्या जगल्या म्हणून काशीपासून जेजुरीपर्यंत पाणवठे झाले. जगणं हीसुद्धा कधी कधी मोठी तपश्चर्या असते.

पुढे पानिपत झाले. १७६१ साली गौतमाबाई गेल्या. २० मे १७६६ रोजी आलमपूरला मल्हारराव गेले. गादीवर मालेराव बसला, आणि वर्ष पुरे व्हायच्या आत, १७६७ साली, तोही गेला. नवरा, सासू, सासरा, मुलगा. घरात कर्ता पुरुष म्हणून कोणी उरला नाही.

अशा घरावर डोळा ठेवणारे काही कमी नसतात. जुने दिवाण गंगाधर यशवंत यांचे म्हणणे पडले की बाईने एखादे लहान मूल दत्तक घ्यावे आणि कारभार आमच्याकडे द्यावा. राघोबादादा फौज घेऊन निघाले. अहिल्यादेवींनी दोन कामे एकदम केली. एकीकडे शिंदे, गायकवाड अशा सरदारांना आणि पुण्याला माधवराव पेशव्यांना पत्रे धाडली. दुसरीकडे स्वतः लढायची तयारी केली. बाईशी लढून जिंकलात तर नाव होणार नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असा निरोप त्यांनी दादांना पोचवला, ही गोष्ट तर आपल्याकडे घरोघर सांगतात. दादांनी माघार घेतली. माधवरावांनी अहिल्यादेवींचा हक्क मान्य केला. फौजेची बाजू तुकोजी होळकरांनी पाहावी आणि राज्यकारभार बाईंनी, असे ठरले. १७६७ पासून १७९५ पर्यंत, अठ्ठावीस वर्षे हा कारभार चालला. नर्मदेच्या काठी महेश्वर ही त्यांची राजधानी.

पैसा कोणाचा?

आता मुद्द्याकडे येतो. एवढे घाट, कुंड, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, तर पैसा आणला कुठून?

होळकरांकडे दोन वेगळ्या थैल्या होत्या. एक दौलतीची, म्हणजे राज्याची. तिच्यातून फौज, किल्ले, कारभार. दुसरी खासगीची. १७३४ साली थोरल्या बाजीरावांनी गौतमाबाईंच्या नावाने काही महाल वेगळे लावून दिले, त्यांचे उत्पन्न म्हणजे खासगी. ती होळकरांच्या राणीची स्वतःची मिळकत. गौतमाबाईंनंतर ती अहिल्यादेवींकडे आली. मनात आणले असते तर त्यातून दागिने घडवता आले असते, महाल उठवता आले असते. पण या बाईंनी पांढरे नेसले, महेश्वरच्या वाड्यात साधेपणाने राहिल्या आणि खासगीचा पैसा तीर्थांवर, वाटांवर, पाण्यावर लावला. खजिन्यावर तुळशीपत्र ठेवून तो त्यांनी धर्माला वाहिला, असे सांगतात. रयतेवर नवा कर बसवून पुण्य कमावण्याचा हा प्रकार नव्हता. स्वतःच्या ताटातले काढून दिलेले होते.

आपल्याकडे वर्गणी गोळा करून मंडप घालताना हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

घाट, कुंड, बारव, पाणपोई

काशीला विश्वनाथाचे देऊळ पाडले गेले होते. ते अहिल्यादेवींनी १७८० साली पुन्हा उभे केले, हे सगळ्यांना माहीत आहे. पण काशीत नुसते देऊळ बांधून त्या थांबल्या नाहीत. गंगेवर मणिकर्णिका घाटाचे काम केले, आणि एका घाटाला तर अहिल्याबाई घाट हेच नाव आहे. सोमनाथाला १७८३ साली नवे देऊळ, गयेला १७८७ साली विष्णुपद मंदिर, महेश्वरला नर्मदेवर ते प्रसिद्ध दगडी घाट. बद्री-केदारपासून रामेश्वरापर्यंत धर्मशाळा, अन्नछत्रे, विहिरी अशी कामे त्यांच्या नावावर आहेत.

आपल्या महाराष्ट्रातलं सांगतो, म्हणजे डोळ्यापुढे येईल.

गोदावरीच्या काठी पुणतांबे आहे. चांगदेवांची समाधी तिथेच. वारकऱ्यांना ते गाव वेगळं सांगायला नको. तिथला गोदेवरचा दगडी घाट अहिल्यादेवींनी बांधलेला. वेरूळला घृष्णेश्वराजवळ शिवालय तीर्थ नावाचं कुंड आहे. चारी बाजूंनी पायऱ्या उतरत जातात अन् मधल्या टप्प्यावर आठ लहान देवळं आहेत. तेही त्यांच्याच नावाने ओळखतात. चांदवडला त्यांचा रंगमहाल आहे. पंढरीत होळकर वाडा अन् त्यातलं रामाचं देऊळ आहे. आणि माउलींची पालखी जिथे मुक्काम करते त्या जेजुरीत होळकर तलाव आहे. कुलदैवताच्या गावाला जत्रेत लाखो माणूस जमतो, वर सगळा खडकाळ डोंगर. तिथे आणखी एक सोन्याचा कळस चढवण्यापेक्षा तलाव बांधणं जास्त अगत्याचं आहे, हे त्या बाईला उमगलं होतं.

बांधीव कामाइतकीच मोलाची दुसरी गोष्ट. इंग्रज अधिकारी माल्कम अहिल्यादेवींनंतर वीस-पंचवीस वर्षांनी माळव्यात आला. ज्यांनी बाईंचा कारभार डोळ्यांनी पाहिला अशा माणसांना विचारून त्याने लिहून ठेवले आहे की उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरांना पाणी द्यायला माणसे नेमलेली असत. म्हणजे आपली पाणपोईच. शेतात औत धरलेल्या बैलांना थांबवून पाणी पाजले जाई. थंडीत गरिबांना पांघरुणे. पाखरांना कोणी दाणे टिपू देत नाही म्हणून काही शेते विकत घेऊन ती पाखरांसाठी सोडलेली, आणि नदीतल्या माशांनाही खाणे. शत्रुपक्षाच्या एका परक्या अधिकाऱ्याने हे लिहावे, यातच सगळे आले.

आणि गंगेच्या पाण्याच्या कावडी. दरसाल कावडी खांद्यावर घेऊन माणसे उत्तरेतून निघत आणि दक्षिणेतल्या देवळांपर्यंत गंगाजल पोचवत. खर्च खासगीतून.

दगडाची अक्कल

जुन्या बांधकामाबद्दल आपण नुसतं भारी म्हणून मोकळे होतो. त्यात काय विचार होता तो समजून घेतला तर जास्त उपयोग.

आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. या दगडाच्या पोटात पाणी साठत नाही, ते त्याच्या भेगांमधून, सांध्यांमधून वाहतं. म्हणून विहीर खणायची तर झरा सापडेपर्यंत खाली जावं लागतं. पावसाळ्यात पाणी वर येतं, वैशाखात तळाला जातं. आता बारव कशी असते बघा. वरून खालपर्यंत पायऱ्या. पाणी वर असो की तळाला, माणूस पायऱ्या उतरून त्याच्यापर्यंत पोचतो. दोर नाही, पोहरा नाही, तरी तहान भागते. वाटसराजवळ कुठला आलाय दोर? म्हणून वाटेवरच्या पाण्याला पायऱ्या.

पाण्याच्या पातळीखाली चिरे नुसतेच एकमेकांवर घट्ट बसवलेले असतात, मधे चुना नाही. त्या सांध्यांतून झऱ्याचं पाणी आत झिरपतं. वरच्या भागाला चुना, म्हणजे पावसाचं गढूळ पाणी भिंतीतून आत येत नाही. तोंडाशी उंच कठडा किंवा जोतं, म्हणजे रस्त्यावरचा लोंढा आत शिरत नाही. मधले टप्पे बसायला, गाठोडं टेकायला. भिंतीत देवळ्या, त्यात दिवा. एका अंगाला मोटेची धाव अन् थारोळं, तिथून पाट. बाहेर जनावरांसाठी दगडी डोण, म्हणजे गुरं आत तोंड घालत नाहीत. खोल अन् सावलीत असल्यामुळे पाणी कमी आटतं अन् थंड राहतं. जवळच वड-पिंपळ.

दगड तिथलाच, पाथरवट तिथलाच, तेल-वीज काही नाही. अडीचशे वर्षं झाली तरी गाळ काढला की पाणी येतं. आपला हापशीचा दांडा दोन वर्षांत तुटतो अन् बोअरला तीनशे फुटांवरही धूर निघतो, तेव्हा या गोष्टी आठवतात.

घाटाचंही तसंच. नदीकाठ मातीचा असला की हजारो पायांनी चिखल होतो, काठ खचतो, पाणी गढूळ होतं, माणसं घसरून पडतात. दगडी पायऱ्या घातल्या की काठ टिकतो अन् पूर आला-ओसरला तरी पाण्याशी जाता येतं. म्हातारी माणसंसुद्धा. चंद्रभागेला आषाढीत उतरताना पायाखाली पायरी लागते, तेव्हा ती पायरी कुणीतरी कधीतरी घातली आहे, हे मनात आणावं.

बांधून विसरल्या नाहीत

खरी मेख इथे आहे. बांधकाम करणारे पुष्कळ असतात. फीत कापली, फोटो निघाला, की पुढल्या वर्षी तिकडे कोणी फिरकत नाही. अहिल्यादेवी देऊळ, घाट, छत्र उभे केले की त्याच्या मागे कायमचे उत्पन्न लावून देत. अमुक जमिनीचा वसूल, अमुक नेमणूक, पुजाऱ्याला इतके, झाडलोट करणाऱ्याला इतके. त्याचे हिशेब महेश्वरला येत. काम झाले की नाही याची विचारपूस होई.

पाणवठ्याला हे जास्तच लागू. देवळाची वर्षभर झाडलोट नाही झाली तर देव रागावत नाही. विहिरीचा गाळ तीन-चार वर्षं नाही काढला तर झरे बुजतात.

रस्ते निर्धोक नसतील तर वाटेवरच्या विहिरीला अर्थ नाही, हेही त्यांनी ओळखले होते. विंध्य-सातपुड्याच्या घाटवाटांवर भिल्लांची लूटमार चाले. बाईंनी बंडखोरांना कडक शासन केले, पण नुसत्या दंडावर भागवले नाही. वाटसरूंकडून भिल्लांना ठरावीक हक्काची लहानशी रक्कम घेऊ दिली आणि त्या बदल्यात वाटेच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. लुटणारे राखणदार झाले. यात्रेकरूला पाणीही मिळाले आणि पाणी पिऊन पुढे जिवंत पोचण्याची हमीही.

घरचा काळोख

एवढे सगळे करणाऱ्या बाईच्या घरात मात्र दुःखाने मुक्काम सोडला नाही. एकुलती लेक मुक्ता यशवंतराव फणसे यांना दिली होती. राज्यातल्या चोर-दरोडेखोरांचा जो बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन, मग तो कोणत्याही कुळाचा असो, असा पण बाईंनी केला होता आणि फणशांनी तो जिंकला, असे सांगतात. मुक्ताला मुलगा झाला. आजीचा जीव त्या नातवात. तो ऐन तरुणपणी गेला. पाठोपाठ १७९१ साली जावई गेले, आणि मुक्ता सती जायला निघाली.

जी बाई स्वतः सासऱ्याच्या विनवणीने कुंभेरच्या चितेवरून माघारी फिरली होती, ती आता मुलीची विनवणी करत होती. मी फिरले तशी तू फीर. मुलगी फिरली नाही. तुझे वय झाले, तू गेल्यावर माझे कोण, असे तिचे म्हणणे. आईजवळ त्याला उत्तर नव्हते. नर्मदेच्या काठी चिता पेटली तेव्हा आई जवळ उभी होती, दोघांनी तिला धरून ठेवले होते. त्यानंतर तीन दिवस अन्नपाणी नाही, तोंडातून शब्द नाही.

आणि चौथ्या दिवसानंतर त्या पुन्हा कामाला लागल्या. कचेरी सुरू झाली, फिर्यादी ऐकणे सुरू झाले. पुढे चार वर्षे त्या जगल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला त्यांनी देह ठेवला. वय सत्तर.

मला नेहमी वाटतं, या बाईने वाटेवर पाणी मांडलं ते नुसतं पुण्य लागावं म्हणून नसेल. ज्याच्या घरचा दिवा एकामागून एक विझत जातो, त्याला दुसऱ्याच्या घशाची कोरड जास्त कळते.

जे उणं होतं तेही सांगावं

थोरामोठ्यांचं चरित्र सांगताना सगळंच गोड सांगायचं, अशी आपल्याकडे चाल आहे. पण वारकऱ्याने खरं बोलावं.

पायऱ्यांच्या विहिरीत एक खोट होती. माणूस पायऱ्या उतरून थेट पाण्यात पाय घाली. ज्याच्या पायाला नारूची जखम, त्याच्या जखमेतून नारूची पिल्लं पाण्यात, अन् तेच पाणी दुसऱ्याच्या पोटात. आपल्या आजोबांच्या पिढीने नारू पाहिलेला आहे. काडीला गुंडाळून इंच इंच ओढत ते दोऱ्यासारखं जंत बाहेर काढत. पाणी फडक्यातून गाळून पिणं, बारवांच्या पायऱ्या बंद करून कठडे बांधणं, हापशा बसवणं, अशा कामांनी नारू आपल्या देशातून गेला. २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. पटकीचंही तेच. पंढरीच्या वारीची एकेकाळी लोकांना धास्ती वाटे ती पटकीमुळे. कॉलऱ्याची सुई टोचल्याशिवाय वारीला सोडत नसत, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. जुनं ते सगळं सोनं नसतं. पाणी पोचवणं ही पहिली पायरी. ते स्वच्छ पोचवणं ही दुसरी. पहिली त्या बाईने बांधली. दुसरी नंतरच्या लोकांनी.

अन् तिसरी पायरी आहे, सगळ्यांना पोचवणं. त्या काळी गावोगावच्या पाणवठ्यावर सगळ्यांना सारखा हात लावता येत नव्हता. चोखोबांच्या पंढरीतही नाही. त्याला पुढे कितीतरी वर्षं लागली. पुण्यात जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद खुला केला. महाडच्या तळ्यावर बाबासाहेब २० मार्च १९२७ रोजी पाणी प्यायले. आपल्या वर्ध्यात जमनालालजी बजाजांनी १९२८ साली लक्ष्मीनारायणाचं देऊळ सगळ्यांना उघडलं, विहिरीही उघडल्या. वर्ध्याची ही पुण्याई आपल्या उशाशी आहे. दिंडीतल्या घागरीला जात विचारायची नसते, हे आपण म्हणतो. पण ते म्हणता यावं म्हणून कितीजण झिजले, हे विसरू नये.

आपल्या वाट्याचं काम

अहिल्यादेवींच्या जन्माला ३१ मे २०२५ रोजी तीनशे वर्षं झाली. आपल्या दिंडीला शंभर होताहेत. शताब्दी म्हटली की कमान उभारावी, फलक लावावा, मोठा मंडप घालावा, असं प्रत्येकाच्या मनात येतं. माझ्याही आलं होतं. पण लेख लिहायला बसलो अन् मन पालटलं.

आपल्या सगळ्यांच्या गावात, वॉर्डात, शेतात एक तरी जुनी विहीर असते. नळ आले, बोअर आले, अन् ती विहीर कचरा टाकायची जागा झाली. गणपतीचं निर्माल्य तिच्यात, फुटलेल्या बाटल्या तिच्यात. ज्या पाण्यावर आपल्या आयांनी गुंड भरभरून घर चालवलं, त्या पाण्याकडे आपण पाठ फिरवली. उन्हाळ्यात टँकर यायला उशीर झाला की तिची आठवण होते, पण तोवर झरे बुजलेले असतात.

माझी हात जोडून एवढीच विनंती आहे. या शताब्दीला प्रत्येक टाळकऱ्याने आपल्या आळीतला एक पाणवठा धरावा. वैशाखात चार दिवस काढावे, गाळ उपसावा, कठडा नीट करावा, वर जाळी टाकावी, गुरांची डोण बाहेर असावी. पाणी तपासून घ्यावं. पिण्याजोगं नसेल तर धुण्याभांड्याला अन् झाडांना वापरावं, म्हणजे पिण्याचं वाचेल. शेजारी एक पिंपळ लावावा. आणि अहिल्यादेवींसारखं, काम झाल्यावर विसरू नये: दर एकादशीला एकाने जाऊन बघून यायचं, असा नेम धरावा. वर्गणीतला थोडा भाग दरवर्षी त्यासाठी बाजूला काढावा. एवढं जमलं तर कमान नाही झाली तरी चालेल.

जुन्या घाटावर, बारवेवर बांधणाऱ्याचं नाव कधी सापडतं, कधी झिजून जातं. पाणी पिणारा नाव वाचत बसत नाही. तो पाणी पितो, तोंडावरून हात फिरवतो, विठ्ठलाचं नाव घेतो अन् पुढे चालू लागतो. बांधणाऱ्याला आणखी काय पाहिजे?

आता जूनमध्ये दिंडी निघेल. मागे टँकर असेलच. पण डोक्यावरची घागर कोणी सोडू नये. वाटेत पायऱ्यांची एखादी जुनी विहीर दिसली तर दोन मिनिटं थांबावं, आत वाकून बघावं, अन् चौंडीच्या त्या लेकीला मनातल्या मनात नमस्कार करावा.

रामकृष्ण हरी.